गोमा पाय सोडत नाही

मंडळाचा वार्षिक अहवाल लिहायला मी बसतो आणि दुसऱ्याच वाक्यात गोमा येतो. गोमा आला की अहवाल संपला. मग मी कागद बाजूला ठेवून कट्ट्यावर जातो, आणि तिथे मित्र विचारतात, "काय रे, आज काय केलं तुझ्या गोमानं?" मी सांगतो, ते हसतात. त्यांना हसायला काय जातं? सेक्रेटरी मी आहे.

आमचं मंडळ हुतुतूचं. ठाण्यात टेंभी नाक्यापासून पायी जाण्यासारखं आमचं मैदान आहे. मी बी. ए. झालो त्याच वर्षी सेक्रेटरीपद अंगावर घेतलं, कारण माझं ठाम मत होतं, आणि अजून आहे, की देश स्वतंत्र झाला म्हणजे काम संपलं नाही. तरुणांची शरीरं आणि शिस्त घडवायची कोणी? मी व्यायामाचं टाइमटेबल केलं, नियमांचं पुस्तक पाठ केलं, मैदानावर चुन्याच्या नव्या रेघा मारून घेतल्या. आणि एवढी तयारी केल्यावर मला मिळाला तो गोमा.

* * *

गोमा खाडीकाठच्या गावातला. मिठागरात काम करायचा. त्याला मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो मैदानाच्या कडेला खांद्यावर मिठाची गोणी घेऊन उभा होता. कोणाच्या तरी दुकानात पोचवायची असणार, जाता जाता खेळ बघत थांबलेला.

आमचा सगळ्यात चपळ गडी चढाईला गेला होता. समोरच्या चौघांना चकवून, हसत हसत, कडेच्या रेघेला चाटून तो परत येत होता. तेवढ्यात गोमा खाली वाकला आणि त्यानं एका हातानं त्याचा घोटा धरला. आमचा गडी तोंडावर आपटला.

मी धावत गेलो. "अहो, तुम्ही खेळात नाही आहात. त्याचा पाय का धरलात?"

"माज्या बाजूनं पलत चाललावता," गोमा म्हणाला.

"मग?"

"मग काय? धरला."

पाय अजून त्याच्या हातात होता आणि गोणी खांद्यावर. आमचा गडी दुसऱ्या पायानं लाथा झाडत होता, पण ती गोणी काही हलत नव्हती. मी नियम समजावून सांगायला लागलो. प्रेक्षक कोण, खेळाडू कोण, रेघेचा अर्थ काय. आमचे अध्यक्ष अण्णा, निवृत्त शिक्षक, खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. ते शांतपणे म्हणाले, "सेक्रेटरी, नियम नंतर सांगा. आधी त्याला गोणी खाली ठेवू द्या, आणि मग मंडळात घ्या."

* * *

पहिलीच मॅच. समोर ठाण्यातलाच एक संघ, सगळी कारकुनांची आणि वकिलांची मुलं. त्यांचा एक गोरा, उंच मुलगा चढाईला आला आणि गोमानं त्याचा घोटा धरला. मुलाचा दम संपला, पंचांनी शिटी वाजवली. बाद.

गोमानं पाय सोडला नाही.

पंचांनी पुन्हा शिटी वाजवली. मग जवळ येऊन कानाशी वाजवली. गोमा ढिम्म. मी रेघेबाहेरून ओरडलो, "गोमा, सोड. तो बाद झालाय."

"त्याला बोलू दे," गोमा म्हणाला.

तेव्हा उलगडा झाला. त्याच्या गावात पंच नसतो आणि शिटीही नसते. पकडलेल्या गड्यानं स्वतःच्या तोंडानं "मेलो" म्हणायचं, की मग सोडायचं. म्हणत नाही तोवर तो जिवंत, आणि जिवंत माणसाला सोडायचं कसं?

मी त्या मुलाला म्हटलं, "मित्रा, एकदा म्हणून टाक." तो म्हणणारही होता. पण त्याची आई बायकांच्या घोळक्यातून उठून पुढे आली. "अजिबात म्हणायचं नाही असलं काही," ती म्हणाली. "संध्याकाळची वेळ आहे."

पंच म्हणाले, असा नियम पुस्तकात नाही. आई म्हणाली, पुस्तक घाला चुलीत. गोमा आडवा होऊन निवांत पाय धरून होता, जणू रात्रभर थांबायची तयारी आहे. शेवटी अण्णा मैदानात आले, आईशी दोन शब्द बोलले, मग गोमाशी बोलले, आणि मग गोमानं पाय सोडला.

मी विचारलं, "अण्णा, काय तोड काढलीत?"

"काही नाही," अण्णा म्हणाले. "मुलाच्या वतीनं मी मेलो म्हटलं. माझं वय झालंय, मला चालतं."

* * *

आता खरी गोष्ट सांगतो, म्हणजे माझी चिडचिड का होते ते कळेल.

मिठागरात माणूस दिवसभर खाऱ्या पाण्यात उभा असतो. गोमाच्या टाचांना इतक्या खोल भेगा होत्या की पकड करताना त्यातून रक्त यायचं. डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, मीठ सोडा, नाहीतर हे पाय खेळायच्या कामाचे राहणार नाहीत. बरं, मीठ सोडून खाणार काय? बाप वारलेला, घरी आई आणि पारू नावाची लग्नाची बहीण.

त्याच सुमारास शहाडकडच्या एका कारखान्यानं आपला हुतुतूचा संघ उभा करायचं ठरवलं. खेळाडूला कायमची नोकरी, आणि काम काय तर खेळणं. मी ठरवलं, गोमाला तिथे लावायचा. अशी पकड अख्ख्या जिल्ह्यात नव्हती. कारखान्याच्या साहेबांनी एकदा डोळ्यांनी पाहिली की काम झालं.

तर असा हा माणूस, ज्याच्यासाठी मी पायपीट करत होतो, सरावाला वेळेवर येत नव्हता.

मी सहाची वेळ दिली. पहिल्या दिवशी तो सहाला आला. दुसऱ्या दिवशी उशिरा, तिसऱ्या दिवशी आणखी उशिरा. मी शिस्तीवर भाषण दिलं. जपानी लोकांचं उदाहरण दिलं. गोमानं सगळं ऐकून घेतलं.

"ते माज्या हातात नाय," तो म्हणाला. "भरतीचा पानी आगरात घेतल्याबिगर येता येत नाय. भरती रोज सरकते."

"मग मालकाला सांग."

"मालकाचे पन हातात नाय. तुमी शिकलेले, तुमी खाडीला सांगा."

मी त्याला संघाबाहेर काढायची धमकी दिली. दोन दिवसांनी मैदानावर गेलो तर सहाला एकही गडी नाही. सगळे अंधार पडता पडता गोमाबरोबर आले. आमच्या संघातला एका वकिलाचा मुलगासुद्धा. मी विचारलं, हे काय. तो म्हणाला, "आज भरती उशिरा होती ना."

* * *

जिल्ह्याच्या स्पर्धेत आम्ही उपांत्य फेरी जिंकली तेव्हा अण्णांनी दोन्ही संघांचा फोटो काढून घेतला. फोटो छान आला. सगळे हाताची घडी घालून, छाती काढून. मी तो घेऊन मुद्दाम गोमाच्या गावी गेलेलो. आईला दाखव म्हटलं.

गोमानं फोटो बराच वेळ पाहिला. मग उलटा करून पाहिला.

"यात कोन कोन हाय?" त्यानं विचारलं.

मला वाटलं थट्टा करतोय. "अरे, हे आपले नाहीत का? हा तुझ्या बाजूला खेळतो तो. आणि हे समोरचे, ज्यांना तू परवा तासभर धरत होतास ते."

"मना नाय वलखत."

मग लक्षात आलं. गोमा खेळताना कोणाच्या तोंडाकडे बघतच नाही. त्याची नजर गुडघ्याच्या वर जात नाही. फोटो कमरेपर्यंतचा होता. त्यातला एकही माणूस त्यानं आयुष्यात पाहिलेला नव्हता.

"फोटोवाल्याला सांगा," त्यानं मला समजावून सांगितलं, "अर्धा काराचा तर खालचा अर्धा काराचा."

* * *

आता अण्णांचंही सांगायला हवं, कारण मला वैताग फक्त गोमाचाच होता असं नाही.

गोमाला नोकरीवर पाठवायचं म्हणून मी मंडळाची बैठक बोलावली. अण्णा उठून उभे राहिले. "खेळ ही साधना आहे," ते म्हणाले. "पगार घेऊन खेळायचं म्हणजे साधनेचा बाजार झाला. उद्या म्हणाल, कीर्तनकारानंही मानधन घ्यावं."

"घेतातच ते, अण्णा," मी म्हटलं.

"ते वेगळं."

मी तासभर बोललो. श्रमाची प्रतिष्ठा, गरिबाच्या गुणांना वाव, नवा समाज. हौशी खेळ परवडतो कोणाला, तर ज्यांच्या घरी दोन वेळचं जेवण आयतं असतं त्यांना. माझा आवाज चढला होता. शेवटी अण्णा म्हणाले, "ज्याच्याबद्दल आपण भांडतो आहोत, त्याला विचारू." गोमा दाराजवळ बसला होता.

"गोमा," अण्णांनी विचारलं, "पगार घेऊन खेळणं तुला योग्य वाटतं का?"

गोमा म्हणाला, "पगार तर ठीक हाय. पन खेलाचं पगार देतील, तर मंग काम कवा कराचं?"

"कामच नाही. खेळणं हेच काम," मी म्हटलं.

गोमानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी त्याला काहीतरी लबाडी शिकवतोय. मग तो अण्णांकडे वळला. "अन्ना, यो शेक्रेटरी मानूस चांगला हाय ना?"

* * *

तरी मी हटलो नाही. कारखान्याच्या साहेबांकडे चार खेटे घातले आणि ते फायनल बघायला यायला तयार झाले. फायनल कल्याणला, रविवारी. समोर डोंबिवलीपलीकडच्या खाडीकाठच्या गावाचा संघ. त्यांचा धर्मा नावाचा चढाईचा गडी त्या वेळी कोणाला सापडत नव्हता. मला आनंदच झाला. गोमानं धर्माचा पाय धरला, साहेबांनी तो पाहिला, की नोकरी पक्की.

ही बातमी सांगायला मी गोमाच्या गावी गेलो. अंगणात माणसं जमलेली, बायका गाणी म्हणत होत्या. मला पाटावर बसवून साखर दिली.

"पारूचा जमला," गोमाची आई म्हणाली.

"वा. मुलगा कुठला?"

"धर्मा," गोमा म्हणाला. "तुमी वलखता. डोंबिवलीकरचा. डावा पाय लांब टाकतो तो."

मी साखर परत वाटीत टाकली. "तो धर्मा? अरे, रविवारी त्याचा पाय धरायचाय तुला."

"आता कसा धरनार?" गोमा शांतपणे म्हणाला. "जावाय झाला तो. जावयाला तंगरी धरून मातीत लोलवला तर सोयरीक राहील का?"

"मग तुझी नोकरी?"

"नोकरी दुसरी बगा."

मी त्याला व्यक्ती आणि खेळाडू यांतला फरक सांगितला. मैदानावर नातं नसतं, असं सांगितलं. जुन्या रूढींबद्दल बोललो. तेवढ्यात पारू चहा घेऊन आली. सगळं ऐकलं होतं तिनं.

"शेक्रेटरी," ती म्हणाली, "तुमचं लगीन झालंय का?"

"नाही."

"तेच बोल्ले मी," म्हणत ती आत गेली.

* * *

रविवारी कल्याणच्या मैदानावर मुंगी शिरायला जागा नव्हती. कारखान्याचे साहेब पहिल्या रांगेत, हॅट मांडीवर. त्यांच्याशेजारी अण्णा. पलीकडे धर्माचे वडील आणि त्यांच्या गावचे लोक. बायकांत पारू.

पहिला डाव मी कसा पाहिला ते माझं मला माहीत. धर्मा आत यायचा आणि गोमा कोपऱ्यात हात मागे बांधून उभा राहायचा. नुसता बघायचा. बाकीची पोरं धर्मावर झेप घेत होती, हात लागतही होता, पण टिकत नव्हता. पाय हातातून सुटून जायचा. मी पोरांवर ओरडत होतो. सराव भरतीच्या वेळेवर केला की असंच होणार, असंही म्हटलं.

मध्यंतराला आम्ही चांगलेच मागे पडलो होतो. साहेब उठून उभे राहिले. "तुमचा तो पकडवाला कोणता?" त्यांनी मला विचारलं. मी बोट दाखवलं. "तो उभा राहतो छान," ते म्हणाले आणि त्यांनी हॅट डोक्यावर ठेवली.

मी गोमाकडे गेलो. "ते साहेब निघालेत. तुझे पाय सडतील त्या मिठात. कळतंय का तुला?"

"त्यांना पाच मिनटं थांबवा," गोमा म्हणाला. "आनि एक परात आना. गरम पानी आना. चायवाल्याकरची राख आना."

"कशाला?"

"जावयाचं पाय धुवाचं हायत."

मी डोकं धरून खाली बसलो. पण अण्णांनी ऐकलं होतं. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी स्वतः जाऊन परात आणली. चहावाल्यानं गरम पाणी दिलं, चुलीतली राख दिली. हा सगळा सरंजाम घेऊन गोमा मैदान ओलांडून पलीकडे गेला आणि धर्मासमोर बसला.

"हे काय दादा," धर्मा म्हणाला. "लग्नात धू ना."

"लग्नात धुनारच. बाप नाय, तर मनाच धुवाचं हायत. पन आज सगला गाव हाय, कल्यान हाय. सगल्यांसमोर मान करतो तुजा."

"खेल झाल्यावर कर."

"खेल झाल्यावर मान कोन बगतो?"

धर्मानं वडिलांकडे पाहिलं. म्हातारा फुलून गेला होता. मुलीकडचा भाऊ भर मैदानात पाय धुतोय, याहून मोठा मान तो काय. "बस ना रं," तो म्हणाला. "मान करतंय तो."

धर्मा खुर्चीवर बसला. गोमानं त्याचे पाय परातीत घेतले आणि धुवायला लागला. घोट्यापाशी थांबला नाही. गुडघ्यापर्यंत गेला. मग राख घेतली.

"राख कशाला?" धर्मा म्हणाला. "आमच्यात कोनी राख नाय लावत."

"आमच्यात लावतात."

"दादा, तुमचं आमचं एकच हाय."

"मंग तुमच्यातपन लावत असतील," म्हणत गोमा चोळत राहिला.

भांडी घासावीत तसं त्यानं ते पाय घासले. पुन्हा पाणी, पुन्हा राख. मग आपल्या टॉवेलनं कोरडे केले आणि त्यांच्यावर डोकं ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. फक्त पारू तोंडावर पदर धरून हसत होती. साहेब परत खुर्चीवर बसले होते.

अण्णा परात उचलायला गेले. "पाहा, सेक्रेटरी," ते मला म्हणाले. "संस्कार म्हणतात तो हा." मग त्यांनी परातीत नीट पाहिलं. राखेच्या पाण्यावर तेलासारखे निळे-जांभळे गोल तरंगत होते. "गोमा, हे वर काय आलंय?"

गोमानं पाहिलं. "पुन्य आसंल," तो म्हणाला आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. या वेळी हात मागे नव्हते.

दुसरा डाव सुरू झाला. धर्मा आत आला तो पावलं चोरत. एकदा त्यानं वडिलांकडे पाहिलं, एकदा आपल्या पायांकडे. डावा पाय लांब टाकला, आणि गोमानं तो धरला. धर्मा मध्यरेषेकडे झेपावला. त्याचा हात वीतभर मागे राहिला. दम गेला, शिटी वाजली. त्यांच्या गावची माणसं उठून उभी राहिली. गोमानं धर्माला उचललं, त्याच्या गुडघ्यांवरची माती झटकली, वाकून पुन्हा त्याच पायांना नमस्कार केला. माणसं खाली बसली. आता पाय धरण्यात आणि पाया पडण्यात फरक कुठं करायचा, हे कोणालाच ठरवता येईना.

असं त्या डावात धर्मा येईल तेव्हा होत राहिलं. मॅच आम्ही जिंकली.

साहेब मैदानात आले. त्यांनी गोमाच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या सकाळी शहाडला ये. गेटवर माझं नाव सांग. तुझी नोकरी पक्की."

"उद्या नाय जमाचा," गोमा म्हणाला. "उद्या जावाय जेवाला हाय."

मी कपाळावर हात मारून घेतला. इतक्या खेट्यांनंतर हे.

"बरं, परवा," साहेब म्हणाले.

"परवा येतो. पन जावयालापन घेऊन येतो. त्यालापन ठेवा."

"तो कशाला? मला पकडीचा माणूस हवा होता, तो मिळाला."

गोमानं पलीकडे पाहिलं. धर्मा परातीशेजारी उभा राहून टॉवेलनं पाय पुसत होता.

"घ्या सायेब," गोमा म्हणाला. "चांगला पाय हाय. मी धुवून बगलाय."